गाडीला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) घरी लावताय? आपल्या सोलापूरच्या उन्हाधुळीत कशी लावायची ते सांगतो

गाळप चालू झालं की पंढरपूर रोड घ्या नाहीतर अक्कलकोट रोड, पुढं ऊसाची डबल ट्रॉली असतेच, आणि तिच्या मागं दोन-तीन किलोमीटर जरी अडकलात तरी टायरखालची खडी टकटक करत बोनेटवर येते. माझ्या नव्या गाडीला पहिल्याच सीझनला बोनेटच्या पुढच्या कडेला सात-आठ ठिपके पडले, नख फिरवलं तर खड्डा लागायचा. तेव्हापासून या फिल्मच्या मागं लागलोय, आधी दुकानातून लावून घेतली, मग घरी लावायला शिकलो.

पीपीएफ म्हणजे टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची पारदर्शक फिल्म, जाडी साधारण 150 ते 200 मायक्रॉन. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनचाच असतो, म्हणजे खडीचा मार फिल्म खाते आणि रंग वाचतो. मुळात व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-दगडापासून वाचवायला असल्या फिल्म आल्या. सिरॅमिक कोटिंग ही वेगळी गोष्ट आहे बरं का, त्यानं चमक येते, पाणी घसरतं, धूळ लवकर निघते, पण खडी थांबत नाही. आणि पीव्हीसीची स्वस्त फिल्म पीपीएफ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती पिवळी पडते, कडक होते, आणि काढताना तुकडे-तुकडे होऊन चिकट थर गाडीवरच राहतो. टीपीयूचा तुकडा हातात ओढून बघा, रबरासारखा ताणतो आणि परत येतो. वरचा थर चांगला असेल तर कपड्याचे बारीक ओरखडे उन्हानंच भरून येतात, आपल्याकडं उन्हाला काय तोटा नाही. खोल चर मात्र भरत नाही.

आता घरी काय लावायचं आणि काय नाही. बोनेट आणि पुढचा बंपर पहिल्यांदाच घरी लावायला जाऊ नका, बंपरचे गोलवे लई अवघड असतात. ते दुकानातून घ्या, पण आधी विचारा की फिल्म कॉम्प्युटरवर कापणार का गाडीवर ब्लेडनं. माझ्या बोनेटवर एका दुकानात ब्लेड चालवलं होतं, वर्षभरानं कडेला फिल्म उचलली तेव्हा खाली केसासारखी सरळ रेघ, क्लिअर कोटमधून आरपार. ज्या रंगासाठी पैसे दिले तोच कापला, अजून वाईट वाटतं. घरी करायच्या जागा म्हणजे दाराचा उंबरा, मागच्या बंपरचा वरचा सपाट भाग जिथं सामान चढवताना घासतं, दाराच्या कडा, आणि दाराच्या हँडलमागची वाटी, म्हणजे बोटं घालतो तो खोलगट भाग. सुरुवात उंब-यापासून करा, वाटी शेवटी. रेडी कापलेले तुकडे मिळतात तेच घ्या. पॅनल नुकतंच रंगवलेलं असेल तर महिनाभर थांबा, नाहीतर फिल्मखाली रंग नीट वाळत नाही.

खरं काम सफाईचं आहे. बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे डाग फिल्मखाली कायमचे दिसतात, आरओचा जार आणा. शाम्पूनं धुवा, मग क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी) फिरवा, हात फिरवून काचेसारखं गुळगुळीत लागलं पाहिजे, शेवटी आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आणि हे आपल्या सोलापूरकरांसाठी खास, घरोघरी टेरी टॉवेल पडलेले असतात म्हणून त्यानं पुसू नका. टॉवेल आपला कितीबी चांगला असला तरी त्याचे तंतू सुटतात, आणि एक तंतू फिल्मखाली गेला की रोज डोळ्यासमोर. मायक्रोफायबरच घ्या. फॅन बंद, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवा, सकाळी सातच्या आत सावलीत काम करा, कारण पत्रा तापला की पाणी उडतं आणि फिल्म नको तिथं धरते.

दोन स्प्रे बाटल्या भरा. एकीत लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब, हे फिल्म सरकवायला. दुसरीत एक भाग आयपीए चार भाग पाणी, हे फिल्म चिकटवायला. बॉक्सवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते धरा.

वाटीचं सांगतो, कारण तिथंच सगळे अडकतात. घरातल्या कुणाला तरी हँडल उचलून धरायला सांगा. वाटी शाम्पूच्या पाण्यानं भिजवा, स्वतःची बोटंही भिजवा, कोरडं बोट गमला लागलं की ठसा तसाच राहतो. मागचा कागद सोलता सोलता गमवर पाणी मारत राहा. तुकडा ठेवा, सरकवून मधोमध आणा, मग वाटीच्या तळाला स्क्वीजीनं (पाणी ओढायच्या पट्टीनं) दाबून पाणी काढा, तिथं धरली की हळूहळू वर कडेकडं या. कडेला चुण्या येणारच, गोल वाटीत सपाट फिल्म बसवतोय आपण. चुणीवर जोर लावून दाबू नका, तेवढा भाग उचला, आयपीएचं पाणी मारा, हेअर ड्रायरनं जरा कोमट करा, अलगद ताणा, दहा सेकंद धरा आणि दाबा. तीन-चार वेळा करावं लागतंय, करा. पाण्याचे छोटे फुगे राहिले तर सोडून द्या, काही दिवसांत वाळून जातात. कचरा दिसला तर लगेच उचलून धुवा, उद्यावर ढकललं तर निघत नाही.

त्यानंतर आठवडाभर गाडी धुवू नका. नंतर सर्व्हिसिंगला प्रेशर गन मारणा-याला आधीच सांगा की कडेपासून दोन फूट लांब धर. पक्ष्यांची घाण आणि झाडाचा चीक त्याच दिवशी ओल्या कपड्यानं काढा, उन्हात डाग फिल्ममध्ये मुरतो. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत बाईकचं हँडल घासलं तर आधी कोमट पाणी ओतून बघा, बरंच जातं.

कड उचलली तर ओढून बघायचा मोह आवरा. खाली धूळ गेली नसेल तर आयपीएचं पाणी मारून परत दाबा. धूळ गेली असेल तर तेवढाच भाग उचलून धरून बारीक कात्रीनं कापा, ब्लेड नको. पूर्ण काढायची वेळ आली तर ड्रायरनं गरम करत, फिल्म पत्र्याला जवळजवळ चिकटूनच मागं वळवत सावकाश ओढा, सरळ वर ओढली तर जुना रंग सोबत येतो.