बिबट्या दिसला? आधी या चुका टाळा

रात्री साडेनऊला गावाच्या ग्रुपवर फोटो पडतो. काळोख, त्यात दोन हिरवट ठिपके, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सावधान! आपल्या शिवारात बिबट्या’. दहा मिनिटांत तो चार गावं फिरून येतो. ज्याला ही खबर पहिल्यांदा लागायला हवी तो वनरक्षक मात्र दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पिताना ती ऐकतो. तोवर ठशांवरून ट्रॅक्टर गेलेला असतो, आणि बघायला आलेल्या पन्नास जणांनी उरलेला चिखल तुडवलेला असतो.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले, निफाड या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे, यात शंका घ्यायचं कारण नाही. अकोले तालुक्याच्या शेतीभागात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे १०० चौरस किलोमीटरमागे साधारण ५ प्रौढ बिबटे निघाले, आणि जवळपास तितकेच तरस. या तरसांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डोळे चमकले की बिबट्याच

बॅटरीच्या उजेडात कुत्र्याचे डोळे चमकतात, मांजराचे, गाईचे, शेळीचे चमकतात. वाटेवर बसलेल्या रातवा पक्ष्याचेसुद्धा चमकतात. डोळ्यांच्या मागे उजेड परत फेकणारा एक थर असतो, आणि तो काही बिबट्याची मक्तेदारी नाही. म्हणून नुसत्या डोळ्यांवरून बिबट्या ठरवू नका. दोन गोष्टी बघा: डोळे जमिनीपासून किती उंचीवर होते, आणि जनावर हललं तेव्हा मागे काय दिसलं. बिबट्याची शेपटी लांब असते, जवळपास धडाएवढी, आणि चालताना तिचं टोक बहुतेक वेळा वर वळलेलं असतं. पुढून उंच, मागून उतरती पाठ, मानेवर आयाळ आणि अंगावर पट्टे दिसले तर तो तरस. रात्री गाडीच्या उजेडात पळत रस्ता ओलांडणारा तरस मी स्वतः बिबट्या म्हणून सांगितलेला आहे, त्यामुळे या चुकीबद्दल कुणाला हसत नाही.

रानमांजर, ज्याला आपल्याकडे बाऊल म्हणतात, तेही असंच फसवतं. मोकळ्या बांधावर एकटं चालणारं जनावर नेहमीपेक्षा मोठं वाटतं, कारण शेजारी मापाला काही नसतं. यावर एक साधा उपाय आहे. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच जागी उभे राहा, जिथे जनावर होतं तिथे कुणाला तरी फावडं उभं धरायला सांगा आणि त्याच फोनने, झूम तितकंच ठेवून फोटो काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कित्येक ‘बिबटे’ गुडघ्याएवढे होतात.

नावातही गोंधळ आहे. ‘चित्ता दिसला’ हे वाक्य अजून गावोगाव ऐकू येतं. भारतातून चित्ता संपल्याचं १९५२ मध्येच जाहीर झालं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेरून आणलेले चित्ते सोडले ते मध्य प्रदेशातल्या कुनोत. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. बिबट्याच्या अंगावर फुलासारखी पोकळ वर्तुळं असतात. जुनी माणसं बिबट्याला सरळ वाघच म्हणतात. घरात बोलायला ते ठीक आहे, पण वन विभागाला फोन करताना ‘पट्ट्यांचा की ठिपक्यांचा’ एवढं जरूर सांगा.

ठसा बघण्यातली घाई

ठसा हा उत्तम पुरावा, पण वाचता आला तर. मांजरकुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून बिबट्याच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात उमटतात. कुत्र्याची मधली दोन बोटं एका ओळीत असतात, बिबट्याचं एक बोट थोडं पुढे असतं. तळव्याच्या गादीची मागची कड बघा, बिबट्याच्या ठशात तिथे तीन उंचवटे दिसतात. प्रौढ बिबट्याचा ठसा ढोबळमानाने सात-आठ सेंटिमीटर रुंद भरतो. ओल्या चिखलात तो पसरतो, त्यामुळे एकाच ठशावर निकाल देऊ नका, चार-पाच सलग ठसे शोधा.

फोटो काढताना ठशाशेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवा आणि फोन सरळ वरून धरा. मग त्यावर घमेलं पालथं घाला. वनपाल येईपर्यंत ठसा टिकवायला यापेक्षा भारी साधन लागत नाही.

‘आमच्या भागात आठ बिबटे आहेत’

बिबट्या एका रात्रीत कित्येक किलोमीटर चालतो. संध्याकाळी एका वस्तीवर, मध्यरात्री ओढ्याच्या पलीकडे, पहाटे तिसऱ्या गावच्या पोल्ट्रीजवळ. तीन गावं तीन बिबटे मोजतात आणि ग्रामसभेत त्याचे आठ होतात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची नक्षी वेगळी असते, शिवाय एकाच जनावराची डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते. म्हणून तर मोजणीचे कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात. आपल्याला मोजायचंच असेल तर दिसल्याची तारीख, वेळ, गट नंबर किंवा शेताची खूण, कुठून आला, कुठे गेला, सोबत पिल्लं होती का, एवढं वहीत लिहा. पोलीस पाटलाकडे अशी एक वही असली की महिनाभरात त्या जनावराचा रस्ता कागदावर उमटू लागतो.

उलटी चूकही होते आणि ती जास्त करून शिकलेली माणसं करतात: ‘इथे कसा येईल? जंगल कुठे आहे?’ जंगल नसलं तरी ऊस आहे. दाट आडोसा, आत गारवा, शेजारी पाट आणि वस्त्यांवर कुत्री. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला आणि शेळ्यांचा ११ टक्के, त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही. चालण्याचं म्हणाल तर २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेल्या एका नराला माग काढणारी कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलं. ‘आजोबा’ असं नाव मिळालेला तो बिबट्या महामार्ग, रेल्वे आणि वस्त्या ओलांडत सुमारे १२० किलोमीटरवर मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. पट्टेरी वाघाचंही तेच. विदर्भातल्या टिपेश्वरचा वाघ डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात आला, त्याआधी ज्या शेतकऱ्यांनी ‘वाघ बघितला’ म्हटलं असेल त्यांना किती जणांनी वेड्यात काढलं असेल! सांगणाऱ्याची थट्टा झाली की पुढच्या वेळी तो सांगत नाही. नुकसान गावाचंच.

दिसला की पिंजरा

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर. बिबट्या बांधावरून गेला, कुणाला काही केलं नाही, तरी सकाळी मागणी ठरलेली: पिंजरा लावा आणि दूर नेऊन सोडा. पहिली अडचण कायद्याची. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. त्याला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. गावात आलेला वनरक्षक स्वतःच्या मनाने पिंजरा लावू शकत नाही, म्हणून त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण बिबट्याची. प्रौढ बिबट्याचा स्वतःचा इलाका असतो. तो उचलला की जागा रिकामी होते आणि शेजारचा किंवा भटकणारा तरुण बिबट्या ती धरतो. या नव्याला गोठे कुठे, माणसांची वर्दळ कधी, काही माहीत नसतं. नेऊन सोडलेलाही अनोळखी मुलखात, भेदरलेला. जुन्नरने हा अनुभव घेतला आहे. फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात त्या भागात १०० हून अधिक बिबटे पकडले गेले आणि बरेचसे जवळच्या जंगलांत सोडले. माणसांवरचे हल्ले त्याआधी वर्षाला सरासरी ४ होते, ते ही मोहीम सुरू झाल्यावर १७ वर गेले. माणिकडोहच्या निवारा केंद्रात आज जे बिबटे आयुष्य काढतात, त्यांच्याकडे बघितलं की ‘घेऊन जा’ म्हणणं किती सोपं आणि ‘ठेवायचा कुठे’ किती अवघड ते कळतं.

याचा अर्थ पिंजरा कधीच नको, असा नाही. या पट्ट्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं हल्ल्यात गेली आहेत. ज्या घरातलं लेकरू गेलं त्याला इलाक्याचं शास्त्र सांगायला जाणारा माणूस मला तरी पटत नाही. माणसावर हल्ला झाला, किंवा जनावर जखमी होऊन वस्तीत ठाण मांडून बसलं, तर पिंजऱ्याचा आग्रह धराच. मात्र नुसत्या दिसण्यावर वन विभागाची माणसं आणि पिंजरे अडकले, तर जिथे खरी गरज आहे तिथे ते उशिरा पोचतात.

विष घालणं, तारेत करंट सोडणं या गोष्टी कुणी गुपचूप सुचवतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. आणि त्या तारेला बिबट्याआधी रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीच चिकटतो.

ऊसतोडीत सापडलेली पिल्लं

फडात कोयता चालू असताना पाचटात दोन-तीन पिल्लं दिसतात. दिसायला मांजराएवढी, गोंडस. कुणीतरी उचलतं, कुणीतरी मांडीवर घेऊन फोटो काढतं, आणि अख्खी टोळी भोवती जमते. आई बहुतेक जवळच असते. पिल्लं नाहीत असं बघून ती चवताळते आणि रात्रभर कोप्यांच्या, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्यांच्या, आसपास फिरते. कोप्यांत तर लहान मुलं झोपलेली.

तोडणी तिथेच थांबवा, माणसं मागे घ्या आणि वन विभागाला बोलवा. जुन्नर भागात पिल्लं संध्याकाळी सापडल्या जागीच खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवतात आणि लांबून कॅमेऱ्यावर लक्ष ठेवतात. आई येते, एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. फडमालकाचा एक दिवस मोडतो हे खरं. ही पिल्लं कधी कधी बिबट्याची नसून रानमांजराची निघतात, तरी पद्धत तीच ठेवा.

शेळी मारली, आता काय

मेलेलं जनावर हलवणं किंवा घाईने पुरणं, ही इथली नेहमीची चूक. मग पंचनाम्याला काही उरत नाही आणि भरपाईचा अर्ज लटकतो. जनावर जागेवर ठेवा, त्याच दिवशी कळवा, फोटो काढा. गळा बघा: बिबट्या नरडं धरतो, तिथे सुळ्यांची खोल भोकं मिळतात, आणि बऱ्याचदा जनावर आडोशाला ओढत नेल्याची फरपट दिसते. मागचे पाय, पोट, कास असं जागोजागी फाडलेलं आणि एकाच वेळी चार-पाच शेरडं जखमी असली तर मोकाट कुत्र्यांचा संशय आधी घ्या. गोठ्याला वरून जाळी नसेल तर चारी बाजूंची भिंत काही कामाची नाही.

फोटो आणि गर्दी

आता एआयने बनवलेला बिबट्या तुमच्याच ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसवता येतो. आलेला फोटो पुढे ढकलण्याआधी एकच प्रश्न विचारा: काढला कुणी? मूळ माणूस सापडत नसेल तर तिथेच थांबवा. फोटो खरा असेल तर तो ग्रुपआधी १९२६ या वन विभागाच्या टोल-फ्री क्रमांकावर कळवा.

विहिरीत बिबट्या पडला की जत्रा भरते. कठड्यावर ओणवून फोन धरणारे, वरून दगड मारणारे. दोरांनी बांधलेली बाज किंवा शिडी खाली सोडली तर तो वर येतो, पण आल्यावर पळायला एक बाजू पूर्ण मोकळी हवी. गर्दीने चारी बाजू अडवल्या की तो माणसांतूनच वाट काढणार, आणि मग बातमी ‘बिबट्याचा हल्ला’ अशी छापून येणार.

समोर आलाच तर

पळू नका, पाठ फिरवू नका आणि खाली वाकू नका. बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावराएवढा दिसतो. गवत कापताना, खुरपताना, उघड्यावर शौचाला बसताना धोका जास्त असतो तो म्हणूनच. लहान मूल सोबत असेल तर वाकण्यात वेळ न घालवता पटकन उचलून घ्या, हात वर करा, मोठ्याने बोलत मागे सरका.

रात्रीच्या पाण्याचं मात्र कुठल्याही सल्ल्याने भागत नाही. थ्री-फेज लाईट रात्रीची आली की मोटार चालू करायला जावंच लागतं. जाताना दोघं जा, बॅटरी पायापुढे नको तर बांधाच्या दोन्ही कडांवर फिरवत ठेवा, काठीला घुंगरू बांधा. आमच्याकडचे एक काका खिशात मोबाईलवर भजन लावून बारं द्यायला जातात. भजन बिबट्यासाठी आहे की स्वतःला धीर म्हणून, ते काही सांगत नाहीत. आवाज मात्र दोन शेतं ओलांडून ऐकू येतो.