थंड प्रदेशातल्या रेड वाईनमध्ये जमीन कशी ओळखायची, मुंबईत बसून

आधी बाटली फ्रिजमध्ये टाका. रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची हे युरोपातल्या थंडगार घरांसाठी ठीक आहे, आपल्याकडे मे महिन्यात रूम म्हणजे 32 डिग्री, त्यात पिनो न्वार (थंड भागातल्या या लाल द्राक्षाची वाईन) उघडली की नाकात नुसतं अल्कोहोल जातं. साधारण 14 डिग्रीला आली की प्या.

आणि एक बाटली घेऊन काही कळणार नाही, दोन घ्या. द्राक्ष एकच, वर्ष एकच, जमलं तर बनवणाराही एकच, फक्त जमीन वेगळी. इम्पोर्टेड महाग पडते म्हणून चौघांत कॉन्ट्री काढा. फ्रान्सच्या बर्गंडी भागातली पिनो न्वार खिशाला परवडत नसेल तर माझं सरळ मत, फ्रान्सच्याच बोजोले भागातली गामे द्राक्षाची वाईन घ्या, एक फ्लरी गावची आणि एक मॉर्गोंची. फ्लरीची जमीन गुलाबी ग्रॅनाईटची, वाळूसारखी झिजलेली, वाईन हलकी आणि सुवासिक. मॉर्गोंच्या कोत द्यू पी टेकडीवर निळसर जुना खडक आहे, तिथली वाईन भरीव, टॅनिनवाली म्हणजे तोंडाला तुरट कोरडेपणा आणणारी, बाटलीत टिकणारी. शेजारशेजारची गावं आहेत ही.

आता मुख्य गोष्ट, ग्लासात दगडाची चव शोधू नका प्लीज. मुळं खडकाची चव ओढून मण्यात भरत नाहीत. जमीन ठरवते ते पाणी किती आणि ऊब किती. नाशिकचा कुठलाही बागाईतदार हे सांगेल, मुरमाड निचऱ्याच्या जमिनीत वेलीला ताण बसतो, शेंडा थांबतो, मणी बारीक राहतो, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग नि टॅनिन सालीतच असतं ना. खोल, पाणी धरणाऱ्या जमिनीत वेल नुसती पाल्यावर जाते.

पण एकटा खडक काही ठरवत नाही. अमेरिकेतल्या ओरेगनच्या डंडी हिल्सची लाल माती बेसॉल्टपासून, म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकापासून झालेली आणि नाशिकची जमीनही बेसॉल्टचीच, तरी वाईन अजिबात सारखी नाही, कारण डंडी हिल्स 45 अंश उत्तरेला आणि नाशिक 20 अंशाला. आपल्याकडे ऊन भरपूर म्हणून बाग हिवाळ्याच्या थंड रात्रींत पिकवून जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, तिकडे उलटं, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत द्राक्ष पिकेल की नाही याचीच काळजी. म्हणून थंड भागात उतार कुठल्या दिशेला आहे याला इतकी किंमत. बर्गंडीच्या कोत द'ऑरमध्ये उतार बहुतेक पूर्वेकडे, सकाळचं ऊन लवकर मिळतं. वर टोकाला माती पातळ नि वारा, खाली सपाटीला माती खोल आणि थंड हवा साचते, धुकं नि दव गोठणं तिथेच जास्त, आणि मधल्या पट्ट्यात चुनखडीवर थोडी चिकणमाती, निचराही होतो आणि उन्हाळ्यात ओलही राहते. ग्रां क्रू, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या बागा, बहुतेक त्याच पट्ट्यात आहेत, हे उगाच नाही. जर्मनीतलं आर नदीचं खोरं तर 50 अंशाच्याही वर, तिथे काळा स्लेट दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडतो, म्हणून पिनो न्वार पिकते.

चाखताना क्रम ठेवा. पहिला घोट, लाळ किती सुटते बघा, जास्त सुटली तर आम्लता जास्त, म्हणजे जागा थंड असण्याची शक्यता. मग हिरड्यांवर टॅनिन कसं लागतं, रवाळ की मऊ. मग फळ, कच्च्या करवंदाच्या बाजूचं की पिकलेल्या जांभळाच्या, दुसरं असेल तर जागा उबदार किंवा वर्ष गरम. इथेच लोक फसतात, व्हॅनिला किंवा भाजल्यासारखा वास आला की तो नव्या ओकच्या पिंपाचा असतो, त्याचं श्रेय मातीला देऊ नका, आणि तुलनेसाठी अशी ओकच्या वासाची बाटली शक्यतो टाळाच.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ओता आणि कागद काढायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहून ठेवा, नाहीतर लेबल बघून सगळे एकदम शहाणे होतात. थोडी उरवून बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी परत चाखा, मॉर्गों बऱ्याचदा तेव्हाच खुलते.