बालबाजार भरवताय? आधी नारळाची किंमत लिहा

मागच्या जानेवारीत आमच्या शाळेत बालबाजार झाला. सोलकढीच्या गटाने फळ्यावर लिहिलं, नफा 360 रुपये. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. 40 पेले दहा-दहा रुपयांना गेले होते आणि खर्चात धरले होते फक्त कागदी पेल्यांचे 40 रुपये. नारळाचं काय, विचारलं तर उत्तर आलं, "आमच्याच माडाचा बाई, त्याला कसले पैसे?" घरून आलेल्या मालाची किंमत आधी लिहून घ्यायला मीच विसरले होते. घरी जाऊन मांडून पाहिलं. आठ नारळ तिसाने 240, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) 60, मिरची-कोथिंबीर-मीठ 20, पेले 40. खर्चच 360! नफा 40, पाच जणांत आठ-आठ रुपये. आजीने पहाटे उठून नारळ खवले, वाटले, पिळले, तिची मजुरी अजून धरलेलीच नाही.

यंदा पुन्हा भरवतोय. परवानगी, पालकांना चिठ्ठी, मांडव, पाणी हे ज्याचं त्याला कळतं.

पहिलं काम म्हणजे किमतीची वही, आणि ती बाजाराच्या आठ दिवस आधी. गटाने काय आणायचं ते ठरवलं की त्याच दिवशी प्रत्येक जिन्नस, किती, आणि आज गावातल्या दुकानात त्याचा भाव काय, हे लिहायचं. परसातली लाल माठाची भाजी असो, मे महिन्यात वाळवलेली आमसुलं असोत, फुकट काही नाही. मुलांना एवढंच विचारा, हा नारळ सोलकढीत घातला नसता तर कितीला विकला असता? तोच त्याचा खर्च. पाडेलीने, म्हणजे नारळ उतरवणाऱ्याने, माडावर चढायचे किती पैसे घेतले हेही त्यांना घरी विचारून येऊ दे, डोळे उघडतात. बाजाराच्या दिवशी लिहू म्हणाल तर फसाल. त्या दिवशी कुणाला काही आठवत नाही, आणि नफा झाल्यावर खर्च आठवायची इच्छाही नसते.

मग भाव ठरवणं. वर्गात बसून ठरवू नका. आम्हाला हर्णै जवळ, म्हणून संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव दाखवायला नेणार आहे. होड्या जास्त लागल्या की तोच वाटा कसा स्वस्त जातो, हे तिथे उभं राहून जेवढं कळतं तेवढं फळ्यावर कळत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या बोंबलाला घरोघर मागणी का, हा प्रश्न तिथेच विचारा. परत आल्यावर प्रत्येक गटाने किती माल खपेल याचा अंदाज लिहून सही करायची. अंदाज नंतर खोडायचा नाही. चुकलेला अंदाज हाच प्रकल्पातला सगळ्यात कामाचा कागद असतो.

एक सावधगिरी. फलकावर मुलं हौसेने "जीआय मानांकित" (जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, त्या भागाच्या खास मालाची ओळख) लिहितात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला मानांकन आहे, पण ते नाव लावायला उत्पादकाची नोंदणी लागते. आजीच्या आमसुलांवर "घरची आमसुलं" पुरे.

सुटे पैसे. प्रत्येक टेबलाला 100 रुपयांची चिल्लर द्या आणि वहीत पहिल्याच ओळीत "सुरुवातीची शिल्लक" म्हणून लिहा, नाहीतर संध्याकाळी तेही नफ्यात मोजलं जातं. फोनवरून पैसे घेऊ देऊ नका. ते कुणाच्या तरी बाबांच्या खात्यात जातात आणि हिशोब तिथेच बुडतो. उधारी बंद, शिक्षकांनाही. हो, शिक्षकांना मुद्दाम सांगावं लागतं. जागा चिठ्ठ्या टाकून द्या. फाटकाजवळच्या टेबलाची विक्री नेहमीच जास्त, तर त्याला थोडं भाडं लावून बघा.

किमतीची वही झाली का? नसेल तर पुढे वाचू नका, आधी ती करा.

बाजाराच्या दिवशी प्रत्येक गटातल्या एकाने विकायचंच नाही, फक्त लिहायचं. भावफलकाचा फोटो सुरुवातीला, आणि भाव बदलला की पुन्हा. दुपारी माठ कोमेजतो, दहाची जुडी पाचाला जाते, ती वेळ लिहिलेली हवी. हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो आपोआप निघतात, फलकाचे निघत नाहीत.

हिशोब त्याच संध्याकाळी. उरलेला माल मोजा, चिल्लर वजा करा, मग घरच्या मालाची किंमत वजा करा, मगच फळ्यावर आकडा.

अहवाल चार पानांत. अंदाज, वही, भावाचे फोटो, तोटा झालेल्या गटाने स्वतः लिहिलेलं पान. मुलांचे फोटो बाहेर पाठवायचे तर पालकांची सही. पैशांचं काय करायचं ते मुलांनी ठरवावं, आणि त्यातला आजीचा वाटा किती, तेही.