जुन्या फोटोंमागे नावं लिहून ठेवा
जुन्या फोटोंतली माणसं ओळखणारं घरात बहुधा एकच कुणीतरी उरलेलं असतं. त्यांच्याजवळ आजच बसा. ‘लहानपणाबद्दल सांगा’ म्हटलं की कुणालाच पटकन सुचत नाही. पण फोटो हातात देऊन ‘ही कडेवरची मुलगी कोण?’ विचारलं, की आठवणी भराभर निघतात. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि साल चुकलं तरी मध्येच टोकू नका.

नाव, नातं, अंदाजे साल फोटोमागे कडेला मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नकोच, दाबाचे वळ पुढच्या बाजूला उमटतात, शाई पसरते. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर आधी लिहा, मग फोटो आत ठेवा. रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या नातेवाइकाकडेही द्या.