अख्खी फाइल नको, बदल तेवढेच न्या

भोसरीच्या गोदामातला स्टॉक हिंजवडीच्या सर्व्हरवर न्यायला रोज रात्री अख्खी फाइल कशाला ओढता? आयबीएम आयवर (आयबीएमच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम) त्या फाइलचं जर्नलिंग, म्हणजे प्रत्येक बदलाची क्रमाने नोंद ठेवणं, सुरू करा आणि जर्नलमधून नव्या रेकॉर्डची पीटी किंवा पीएक्स, बदललेल्याची यूपी, खोडलेल्याची डीएल, एवढ्याच कोडच्या नोंदी उचला. शेवटी लागू केलेल्या नोंदीचा सीक्वेन्स नंबर (क्रमांक) पलीकडच्या डेटाबेसमध्येच, डेटासोबत एकाच कमिटमध्ये (दोन्ही एकदम पक्कं होईल असं) लिहायचा. मग मध्येच लाइट गेली (भोसरीत जातेच) तरी गाडी तिथूनच पुढे. कमिटमेंट कंट्रोल (अनेक बदल एकत्र पक्के किंवा रद्द करायची सोय) वापरत असाल तर रोलबॅकच्या, म्हणजे बदल मागे घेतल्याच्या, यूआर, डीआर नोंदीही घ्या, नाहीतर रद्द झालेलं चलन पलीकडे जिवंत राहतं. आणि नोंदी पोचल्याशिवाय जुने रिसीव्हर (जर्नलच्या नोंदी ज्यात साठतात ते) उडवू नका. डिस्क साफ करणाऱ्याला हे आधीच बजावून ठेवा.