टमी टकनंतर हर्नियाची धास्ती? या चुका टाळा

टमी टक, म्हणजे पोटावरची जादा त्वचा आणि चरबी काढायची शस्त्रक्रिया, करून घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत बेंबीच्या आसपास कुठेतरी फुगवटा दिसतो आणि पोटात गोळा येतो: आतले टाके तुटले का? हर्निया झाला का? बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. पण आरशात बघून हे ठरवता येत नाही, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आधी आत काय शिवलंय ते समजून घ्या. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात. गरोदरपणात किंवा वजन खूप वाढल्यावर त्यांच्यामधली पट्टी ताणून रुंद होते. टमी टकमध्ये सर्जन बहुधा ही पट्टी चुणी घातल्यासारखी टाक्यांनी आवळतात. ती नुसती सैल झालेली असते, तिला भोक नसतं. हर्नियात मात्र आवरणाला खरोखरच छिद्र असतं आणि त्यातून चरबी किंवा आतडं बाहेर डोकावतं.

प्रत्येक फुगवट्याला हर्निया समजणं

पहिल्या काही आठवड्यांतल्या फुगवट्याचं नेहमीचं कारण म्हणजे सेरोमा, म्हणजे त्वचेखाली साठलेलं पाणी. कूस बदलली की ते डुचमळल्यासारखं वाटतं आणि आडवं झाल्यावरही नाहीसं होत नाही. डॉक्टर ते सुईने काढतात, कधी दोन-तीनदा काढावं लागतं. घरी दाबून ते जिरवायला जाऊ नका.

साध्या सुजेची चाल वेगळी असते. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, आणि हे तीन ते सहा महिने चालू शकतं. बोटाला लागणारी टणक, जागची न हलणारी गाठ बरेचदा आतल्या टाक्याची किंवा कडक झालेल्या चरबीची असते.

हर्नियाचा फुगवटा बहुधा एकाच ठिकाणी येतो, उभं राहिल्यावर किंवा खोकल्यावर पुढे येतो आणि आडवं झाल्यावर लगेच आत जातो. सूज उतरायला रात्र जावी लागते, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. कधीकधी हा हर्निया आधीपासूनच असतो आणि वरची चरबी गेल्यावर दिसू लागतो. काही महिन्यांनी पोट एका जागी न येता सगळंच पुढे येऊ लागलं, तर आवळलेली पट्टी सैल झाली असेल, किंवा आतड्यांभोवतीची चरबी वाढली असेल. त्या चरबीला टमी टक हातच लावत नाही.

मात्र हे ताडून पाहायला तिसऱ्या आठवड्यात मुद्दाम जोरात खोकू नका, उठाबशा काढू नका. त्याऐवजी रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी बाजूने उभ्याने फोटो काढा आणि ते डॉक्टरांना दाखवा. शंका उरली तर सोनोग्राफी करतात. तपासताना उभं राहायला किंवा खोकायला सांगतात, म्हणजे लपलेलं छिद्र सापडतं. गरज पडली तर सीटी स्कॅन.

वजन उचलायचं नाही हे पाळणं, पण कुंथणं

माझ्या मते ही सर्वांत दुर्लक्षित चूक. चार-पाच किलोंपेक्षा जड काही साधारण सहा आठवडे उचलायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वेदनाशामक गोळ्यांनी शौचाला खडा होतो, माणूस जोर लावतो, आणि तोच दाब आतल्या टाक्यांवर येतो. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं का, ते विचारून घ्या. पाणी भरपूर प्या. खोकला किंवा शिंक आली तर उशी पोटाशी धरा. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या जोरावर उठा. धूम्रपान तर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर निदान चार आठवडे बंदच हवं. त्याने खोकला तर येतोच, शिवाय जखमेचा रक्तपुरवठाही कमी होतो.

पट्टा जितका घट्ट तितका चांगला असं मानणं

शस्त्रक्रियेनंतर पोटाला बांधायला दिलेला पट्टा सूज आवरायला असतो. तो फार आवळला की पोटातला दाब उलट वाढतो, पायांकडून येणारं रक्त अडतं आणि घडी पडलेल्या जागी त्वचेला इजा होते. शेकायला गरम पाण्याची पिशवीही नको. बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर असतो, त्यामुळे भाजलं तरी कळत नाही.

दुसरं टोक म्हणजे भीतीने अंथरूणच न सोडणं. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका खरा आहे. कमरेत किंचित वाकून का होईना, पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चाला.

जुना हर्निया किंवा जुनी शस्त्रक्रिया न सांगणं

शस्त्रक्रियेआधीच्या चुकांमध्ये ही सर्वांत महागात पडणारी. टमी टकमध्ये बेंबीभोवतीची त्वचा कापतात, त्यामुळे बेंबीला रक्त मिळतं ते फक्त खालच्या देठातून. तिथेच हर्नियाची दुरुस्ती करायची असेल, तर तो देठ जपायचा बेत आधीच आखावा लागतो. छिद्रावर आधाराला कृत्रिम जाळी लागेल का, हेही तेव्हाच ठरतं. सोबत लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) असेल आणि हर्निया माहीत नसेल, तर आतड्याला नळी लागण्याचा धोका असतो. जुने व्रण, सिझेरियन, दुर्बिणीतून झालेली शस्त्रक्रिया, सगळं सांगा.

थांबू नये अशी वेळ

फुगवटा टणक होऊन आत जात नाही, खूप दुखतो, वरची त्वचा लाल किंवा काळसर पडते, उलट्या होतात, गॅस सरत नाही: यातलं काही दिसलं तर आतडं अडकल्याची शक्यता असते. एका पोटरीत सूज-दुखणं किंवा अचानक धाप लागणं, हेही तितकंच तातडीचं. फोटो पाठवून उत्तराची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. फुगवटा आत ढकलायचा प्रयत्न करू नका, वाटेत काही खाऊ-पिऊ नका, आणि जाळी बसवली आहे का हे लिहिलेला डिस्चार्जचा कागद बरोबर घ्या.