जर्मनच्या क्लासला नाव घालण्याआधी

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून मिरजेतल्या नर्सिंगच्या ज्युनिअर मुली मला सारखं विचारतात, कुठलं पुस्तक घेऊ, कुठलं अ‍ॅप चांगलं? मी जर्मनची बी१ (ए१, ए२ नंतरची पातळी) झालेय, म्हणून सांगते: पुस्तक कुठलंही चालेल, आधी आपली भीती ओळखा.

आमच्या वॉर्डात अथणी-कागवाडकडचे पेशंट असतात. त्यांच्याशी बोलून कामापुरतं कन्नड सगळ्यांनाच येतं. ‘ऊटा आयता?’, म्हणजे जेवण झालं का, म्हणताना व्याकरण कोणाला आठवतं? चुकलं तर आजी हसतात, नीट म्हणून दाखवतात, झालं. त्याच मुली जर्मनच्या क्लासमध्ये गप्प. तिथं चुकलं की सगळा वर्ग वळून बघतो. भाषा कशी शिकली जाते याचा अभ्यासक स्टीफन क्रॅशन याला भावनिक गाळणी म्हणतो: मनात धास्ती असली की कानावर पडलेली भाषा आत मुरत नाही. त्याच्या सिद्धांतावर टीका पुष्कळ झाली, पण हे एवढं मला तरी पटतं. म्हणून डेमो लेक्चरला एकच बघा, सर ‘डेर-डी-दास’च्या, म्हणजे नामाच्या लिंगाच्या, प्रत्येक चुकीला मध्येच तोडतात की वाक्य पुरं होऊ देतात. तोडत असतील तर दुसरा क्लास शोधा. फी थोडी जास्त पडली तरी चालेल.

पगारासाठी शिकतोय म्हणून लाजू नका. घराचा हप्ता माणसाला ए२ पर्यंत आरामात ओढत नेतो. पुढे मात्र दमछाक होते. झोल्तान डॉर्न्येई या अभ्यासकाने २००५ मध्ये मांडलं, की ती भाषा बोलणारे आपण स्वतः डोळ्यांसमोर दिसलो, तर माणूस टिकतो. मामांनी सांगितलं म्हणून आलेल्या बऱ्याच जणी ए२ नंतर दिसल्या नाहीत. पेशंटला ‘हाबेन झी श्मेर्त्सन?’, म्हणजे दुखतंय का, असं विचारणारी स्वतः जिला दिसत होती, ती नाईट ड्युटी करून आली तरी पहिल्या बाकावर.

गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेच्या बी१ परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग असतात. प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत, आणि भाग वेगवेगळे देता येतात. बोलण्याची धास्ती असेल तर तो मागाहून द्या. ती परीक्षा बहुधा जोडीने होते, तेव्हा सरावाला जोडीदारीण आत्ताच ठरवा. सांगली-मिरज एसटीत रोज तिच्याशी जर्मनमध्येच भांडा. कंडक्टर बघतील, बघू देत.